काम उरलेलं असतानाच विसावा घ्यायला कसं शिकायचं

चर्चमध्ये प्रभुभोजनाचा रविवार होता. भाकरीचा तुकडा हातात आला, पाळक प्रार्थना करत होते आणि मी डोळे मिटून खुर्च्या मोजत होतो. दुपारच्या कार्यक्रमाला १२० माणसं येणार, हॉलमध्ये खुर्च्या ९४, मग उरलेल्या २६ कुठून आणायच्या? ‘आमेन’पर्यंत माझा हिशेब जुळला. भाकर कधी तोंडात गेली ते मात्र कळलं नाही.

मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, कामात बुडालेल्या माणसाला ‘थकलो’ म्हणायचीही चोरी असते. नोकरीवर, घरावर, व्यवसायावर वैताग काढता येतो. ‘देवाचं काम’ म्हटल्यावर तक्रार कुणाकडे करणार? मग ‘मरायलाही फुरसत नाही’ हे वाक्य आपण थोडं रडक्या आणि थोडं अभिमानाच्या सुरात म्हणत राहतो. त्यातला अभिमान मला फार उशिरा ऐकू आला.

माझी चूक साधी होती. कामं संपली की विसावा घेऊ, असं मी धरून चाललो होतो, आणि कामं संपत नव्हती. पवित्र शास्त्रात क्रम उलटा आहे. उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायात माणूस सहाव्या दिवशी घडवला जातो, म्हणजे त्याच्या वाट्याला आलेला पहिला अख्खा दिवस सातवा, विसाव्याचा. देवानं आपलं काम पूर्ण केलं होतं, माणसाचं तर अजून सुरूही झालं नव्हतं. विसाव्याच्या या दिवसाचं नाव ‘शब्बाथ’. तो शब्द ज्या हिब्रू धातूवरून आला त्याचा अर्थ ‘थांबणे’. ‘उरकणे’ असा नाही. खाली जे लिहितोय ते या एका फरकाभोवती आहे. पावलं क्रमानं घ्या, एकदम सगळी नकोत. एकेका पावलाला दोन-तीन आठवडे सहज जातात.

पहिलं पाऊल: थकवा कुठला आहे ते बघा

आध्यात्मिक उपाय करण्याआधी झोप मोजा. हे मी एलीया संदेष्ट्याकडून शिकलो. कर्मेल डोंगरावर त्यानं आयुष्यातला सगळ्यात मोठा विजय पाहिला आणि लगेच ईजबेली राणीच्या एका धमकीनं तो जीव घेऊन पळाला. रानात एका झुडपाखाली बसून त्यानं मरण मागितलं (१ राजे १९). देवानं त्याला उपदेश केला नाही. तो झोपला. देवदूतानं स्पर्श करून उठवलं तेव्हा उशाशी निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाणी होतं. तो जेवला आणि पुन्हा झोपला. दुसऱ्यांदा उठवलं तेव्हाही आधी खायलाच सांगितलं, कारण पुढची वाट त्याला झेपणारी नव्हती. ‘तू इथे काय करतोस?’ हा प्रश्न चाळीस दिवसांनी, होरेब डोंगरावर. आपण सहसा प्रश्नापासून सुरुवात करतो आणि भाकर विसरतो.

तेव्हा एक वही घ्या आणि सात दिवस फक्त चार गोष्टी लिहा: किती वाजता झोपलात, किती वाजता उठलात, जेवण बसून झालं की उभ्या-उभ्या, आणि दिवसातल्या कुठल्या घटकेला ‘सगळं टाकून निघून जावं’ असं वाटलं. त्या आठवड्यात काही सुधारायला जाऊ नका. माझ्या वहीत सातपैकी पाच रात्री साडेपाच तासांच्या आत निघाल्या. माझी प्रार्थना कोरडी का पडली, याचं निम्मं उत्तर तिथंच होतं.

एक गोष्ट इथंच सांगून टाकतो. पुरेशी झोप घेऊनही कित्येक आठवडे मरगळ जात नसेल, कशातच मन लागत नसेल, किंवा एलीयासारखे मरणाचे विचार येत असतील, तर हा लेख बाजूला ठेवा. आजच जवळच्या माणसाला सांगा आणि डॉक्टरांना भेटा. यात विश्वास कमी पडला असं काही नाही. एलीयाला भाकर लागली, तुम्हाला कदाचित औषध लागेल.

दुसरं पाऊल: तुमचा फारो कोण ते शोधा

दहा आज्ञा शास्त्रात दोन ठिकाणी येतात आणि शब्बाथाचं कारण दोन्हीकडे वेगळं दिलंय. निर्गम २० मध्ये कारण सृष्टीचं आहे: देव सातव्या दिवशी थांबला. अनुवाद या पुस्तकाच्या ५ व्या अध्यायात कारण गुलामीचं: तुम्ही मिसर देशात दास होता आणि परमेश्वरानं तुम्हाला तिथून बाहेर काढलं, हे विसरू नका. गुलामाला सुट्टी नसते. ज्याला थांबता येतं तो मोकळा माणूस.

त्या दासांचा पुढारी मोशे यानं तीन दिवसांची मोकळीक मागितली तेव्हा मिसरच्या राजानं, फारोनं, काय केलं तेही बघण्यासारखं आहे (निर्गम ५). त्यानं विटांसाठी मिळणारा पेंढा बंद केला, विटांचा आकडा तेवढाच ठेवला आणि वर लोकांना आळशी म्हटलं. हा मुकादम आपल्यातल्या पुष्कळांच्या डोक्यात कायमचा मुक्कामाला असतो. पाच मिनिटं टेकलं की तो ओरडतो.

आठवड्यातली सगळी कामं वहीत उतरवा आणि प्रत्येकापुढे लिहा: हे या आठवड्यात केलं नाही तर काय होईल? काहींपुढे येईल, ‘दुसऱ्याचं खरंच अडेल’. तान्हं बाळ, आजारी आईवडील, ड्युटीवरचे पेशंट. काहींपुढे, ‘पोट अडेल’. आणि उरलेल्यांपुढे, प्रामाणिक असाल तर, ‘लोक काय म्हणतील’ किंवा ‘माझ्यावाचून झालं तर मी कोण?’ ही तिसरी रास माझ्याकडे सगळ्यात मोठी होती. तिच्यातलं फक्त एक काम निवडा आणि येत्या आठवड्यात ते सोडा. मी सोडलं ते एका ग्रुपवर रोज सकाळी शास्त्रातलं वचन टाकण्याचं. दहा दिवस कुणी विचारलंसुद्धा नाही, आणि खरं सांगायचं तर त्याचं मला वाईट वाटलं.

तिसरं पाऊल: दिवस संध्याकाळपासून मोजा

उत्पत्तीत दर दिवशी आधी संध्याकाळ होते, मग सकाळ. यहुदी लोक आजही दिवस सूर्यास्तापासून धरतात. आपल्या सवयीत झोप म्हणजे दिवसाचं उरलंसुरलं, सगळं झाल्यावर जे हाती लागेल ते. या मोजणीत मात्र दिवस सुरू होतो तो आपण झोपून आणि देव जागा राहून. सकाळी उठतो तेव्हा आपण आधीच चाललेल्या कामात मागाहून सामील होतो.

करायचं ते एवढंच. रात्री काम बंद करायची एक वेळ ठरवा, समजा साडेनऊ. त्या वेळी वहीत तीन ओळी लिहा: आज काय झालं, काय राहिलं, कुणाची काळजी वाटते. मग ‘राहिलं’ या ओळीवर बोट ठेवून मोठ्यानं म्हणा, “प्रभू, हे राहिलंय. रात्रभर तू सांभाळ, सकाळी मी बघतो.” वही मिटा. मोबाइल झोपायच्या खोलीत नको, चार्जिंगला बाहेर लावा. ‘गजरासाठी लागतो’ ही सबब मीही दिली होती, शेवटी साधं गजराचं घड्याळ घेतलं.

बोट ठेवणं, मोठ्यानं म्हणणं हे बालिश वाटेल. पण मनातल्या मनात केलेली प्रार्थना माझ्या बाबतीत दोन मिनिटांत यादीत बदलते, हे मी खुर्च्यांच्या वेळी पाहिलंय. तोंडानं म्हटलं की ते सोपवलं जातं.

सोबतीला पवित्र शास्त्राच्या स्तोत्रसंहितेतलं एक स्तोत्र ठेवा. चौथं लहान आहे, स्वस्थपणे पडून झोपी जाण्यावर संपतं. १२१ वं सांगतं की इस्राएलाचा रक्षक डुलकीही घेत नाही, म्हणजे रात्रपाळीला कुणीतरी आहे. १२७ वं पहाटे उठून, रात्री उशिरापर्यंत राबून कष्टाची भाकर खाणाऱ्यांना सरळ ‘व्यर्थ’ म्हणतं. आणि वादळात, नावेच्या मागच्या बाजूला उशी घेऊन झोपलेला येशू (मार्कचं शुभवर्तमान ४:३८) आठवा. त्या रात्री शिष्यांना राग वादळाचा आला होता तेवढाच त्याच्या झोपेचा.

चौथं पाऊल: आठवड्यातला एक दिवस

हे पाऊल सगळ्यात अवघड, म्हणून इथं जरा रेंगाळतो.

आधी तयारी. रानात इस्राएल लोकांना देवाकडून मान्ना हे अन्न मिळायचं, ते रोज माणशी एक ओमर, म्हणजे एक ठरलेलं माप. साठवून ठेवला तर किडे पडायचे. सहाव्या दिवशी मात्र दुप्पट मिळायचा आणि तो सातव्या दिवशी नासत नसे (निर्गम १६). तरीही काही जण सातव्या दिवशी गोळा करायला बाहेर पडलेच, आणि रिकाम्या हातानं परतले. त्यांना मी नावं ठेवत नाही. सुट्टीच्या दिवशी ‘फक्त एकदा’ ऑफिसचा मेल उघडणारा त्यांच्याच रांगेत उभा असतो.

यातून व्यवहाराची गोष्ट ही की विसाव्याचा दिवस आदल्या दिवशी तयार होतो. धुणं, स्वयंपाकाची तयारी, बिलं, मुलांचा अभ्यास, सोमवारच्या कपड्यांची इस्त्री यातलं जे आदल्या दिवशी दुपारपर्यंत उरकेल ते उरकायचं. जे उरलं ते उरलं. ठरलेली वेळ झाली की थांबायचं. सुरुवातीला पूर्ण चोवीस तास धरू नका. संध्याकाळी सातपासून दुसऱ्या दिवशी दुपारी एकपर्यंत, अठरा तास, हे पहिल्या दोन महिन्यांसाठी पुष्कळ झालं.

दिवस कुठला? बहुतेक ख्रिस्ती लोक पुनरुत्थानाचा दिवस म्हणून रविवार पाळतात. कॉन्स्टंटाइन बादशहानं इसवी सन ३२१ मध्ये रविवारच्या विश्रांतीचा हुकूम काढला, पण उपासनेसाठी लोक त्या दिवशी त्याच्या कितीतरी आधीपासून जमत होते. काही मंडळ्या शनिवार पाळतात. पाळक, गायकवर्ग, संडे स्कूलचे शिक्षक यांचा रविवार हा मात्र कामाचाच दिवस असतो, हे कबूल करायला आपण का लाजतो कळत नाही. त्यांनी दुसरा दिवस घ्यावा आणि मंडळीनं त्या दिवशी त्यांना फोन करू नये. शिफ्टमध्ये काम करणाऱ्यांना दर आठवड्याला दिवस बदलावा लागेल. बदला. शब्बाथ मनुष्यासाठी झाला, असं येशू म्हणाला (मार्क २:२७), तेव्हा कॅलेंडरवरून स्वतःला दोष देत बसू नका.

मात्र शक्य तेवढं घरातल्या सगळ्यांनी एकाच वेळी थांबावं. १९२९ मध्ये सोव्हिएत रशियानं सात दिवसांचा आठवडा मोडला. यंत्रं कधीच थांबू नयेत म्हणून कामगारांचे पाच गट केले आणि प्रत्येक गटाला वेगळ्या दिवशी सुट्टी दिली. सुट्टी आधीपेक्षा लवकर यायची, पण नवऱ्याची एका दिवशी आणि बायकोची दुसऱ्या दिवशी. लोकांना ते नकोसं झालं, आणि १९४० पर्यंत सात दिवसांचा आठवडा परत आला. आज असा हुकूम कुणी काढत नाही. एकाच खोलीत चार माणसं चार स्क्रीनवर, प्रत्येकाची सुट्टी वेगळी, हे आपण आपल्या हातानं करतो.

त्या दिवशी काय करायचं? यादी देणार नाही, नाहीतर तीही पूर्ण करायला घ्याल. एक कसोटी देतो: जे केल्यावर टिकमार्क करावासा वाटेल ते त्या दिवशी नको. उपासनेला जा, पण दारात समितीची बैठक भरवू नका. सावकाश जेवा, दुपारी झोपा, पायी फिरा, ज्यांच्याकडे काही काम नाही अशा माणसांना भेटा. स्तोत्र मोठ्यानं वाचा, अर्थ काढायची घाई न करता.

आणि अनुवाद ५:१४ मधली एक ओळ सहसा सुटते: तुझ्या दासदासींनाही तुझ्याप्रमाणे विसावा मिळावा. तुमच्या हाताखाली माणसं असतील तर त्या दिवशी त्यांना ‘सोमवारी बघ, घाई नाही’ असा निरोपसुद्धा पाठवू नका. निरोप पोचला की त्यांचा दिवस गेला.

लहान मुलं असलेल्या आईबापांना हे सगळं वाचून हसू येईल. त्यांच्यासाठी हिशेब वेगळा. दोघांनी एकमेकांना तीन-तीन तास मोकळे द्यावेत, आणि ते तास दुसऱ्यानं ‘काय केलंस?’ असं न विचारता द्यावेत. एकटीनं किंवा एकट्यानं मूल वाढवणाऱ्यांना हे तास मंडळीतल्या कुणीतरी आपणहून द्यायला हवेत. प्रार्थनेत आठवण ठेवण्यापेक्षा दुपारी दोन ते पाच मूल सांभाळणं बरं.

पाचवं पाऊल: दिवसात लहान थांबे

सहाव्या शतकात संत बेनेडिक्टनं मठांसाठी नियम लिहिले. त्यातला एक असा: प्रार्थनेची खूण ऐकू आली की हातात जे असेल ते तसंच ठेवून निघायचं. मला हा नियम फार आवडतो, कारण त्यात ‘हे एवढं संपवून येतो’ला जागाच नाही. मोबाइलवर दुपारी बारा आणि चारचा गजर लावा. वाजला की अर्धं वाक्य अर्धं सोडा, हात टेबलावरून काढा, दोन-तीन श्वास घ्या. पौर्वात्य ख्रिस्ती मंडळ्यांमध्ये शतकानुशतकं चालत आलेली एक ओळ श्वासाबरोबर म्हणता येते: “प्रभू येशू ख्रिस्ता, देवाच्या पुत्रा, मज पाप्यावर दया कर.” एक मिनिट पुरे. अर्धं वाक्य कुठं पळून जात नाही.

सहावं पाऊल: ‘नाही’ म्हणा

मार्कच्या पहिल्या अध्यायात येशू पहाटे अंधार असतानाच उठून एकांतात प्रार्थना करतो. शिमोन त्याला शोधत येतो: सगळे तुमचा शोध करताहेत. गावात आजारी माणसं होती, गरज खरी होती. आणि येशू म्हणतो, आपण दुसऱ्या गावांना जाऊ. सगळ्यांच्या सगळ्या गरजा पुरवायचं ओझं त्यानंही घेतलं नाही.

मोशे सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकटाच न्यायनिवाडा करत बसायचा. त्याचा सासरा इथ्रो भेटायला आला, एक दिवस त्यानं नुसतं पाहिलं आणि सांगितलं की हे ठीक नाही, तू झिजून जाशील आणि हे लोकही (निर्गम १८). मग हजार, शंभर, पन्नास, दहा माणसांवर नायक नेमले गेले. ‘आणि हे लोकही’ हे शब्द लक्षात ठेवण्यासारखे आहेत. आपण सगळं एकट्यानं ओढतो तेव्हा बाकीच्यांनाही रांगेत ताटकळत ठेवतो.

नकार कसा द्यायचा? लांबण लावू नका. “या महिन्यात मला जमणार नाही” एवढं पुरतं. कारण दिलं की समोरचा त्या कारणावर तोडगा काढतो. आणि लगेच उत्तर द्यायचं नसेल तर “उद्या सांगतो” म्हणा आणि खरोखर उद्या सांगा.

जू

“अहो कष्टी व भाराक्रांत जनहो, तुम्ही सर्व माझ्याकडे या म्हणजे मी तुम्हांला विसावा देईन.” मत्तय ११:२८ आपल्याला पाठ असतं. पुढच्याच ओळीत येशू जू घ्यायला सांगतो, आणि जू ही ओढायची वस्तू आहे. ओझं नाहीसं होईल असं तो म्हणत नाही, आपलं जू सोयीचं आहे म्हणतो. जू मानेला नीट बसलं नाही तर गाडी रिकामी असली तरी खांद्याला घट्टे पडतात. काम तेवढंच असून कधी आपण हलके असतो आणि कधी मोडून पडतो, त्याचं कारण पुष्कळदा इथं असतं. म्हणून सोमवारी सकाळी पहिलं काम हाती घेण्याआधी एकदा विचारा: हे मी कुणाच्या जुवाखाली ओढतोय? उत्तर दर वेळी चांगलं येत नाही. काम तरी करावंच लागतं, पण निदान माहीत असतं.

काय काय बिनसेल

पहिले तीन-चार आठवडे विसाव्याच्या दिवशी तुम्ही बेचैन व्हाल, चिडाल, हात उगाच मोबाइलकडे जाईल. गोंगाट थांबल्यावर आतलं ऐकू यायला लागतं, कधी जुनं दुःखही वर येतं. ते प्रार्थनेत तसंच्या तसं सांगा. नीट मांडून सांगायची गरज नाही.

दिवस मोडेल. येशूनं शिष्यांना ‘एकांती चला आणि थोडा विसावा घ्या’ म्हणून नावेत बसवलं, कारण त्यांना जेवायलाही सवड नव्हती, आणि पलीकडे पोचेपर्यंत लोक धावत जाऊन किनाऱ्यावर उभे होते (मार्क ६). येशूला त्यांचा कळवळा आला. बेत मोडला. त्यानं त्यांना शिकवलं, जेवू घातलं, आणि संध्याकाळी शिष्यांना पुढे पाठवून, लोकांना निरोप देऊन तो डोंगरावर प्रार्थनेला गेला. म्हणजे राहिलेला विसावा त्यानं त्याच दिवशी उशिरा का होईना घेतला. तुमचाही दिवस दवाखान्यात गेला तर त्याच आठवड्यात तीन तास परत काढा. पुढच्या आठवड्यावर ढकलू नका.

आणि घरात नियमांचा दरारा माजू देऊ नका. बायकोनं सुट्टीच्या दिवशी एक बटण शिवलं म्हणून मी एकदा तिला टोकलं होतं. ती म्हणाली, “मला शिवताना बरं वाटतं, तुझ्या टोकण्यानं दमायला होतं.” बटण शिवून झालं. त्यानंतर काय चालेल आणि काय नाही ते मी फक्त स्वतःपुरतं ठरवतो.

मागच्या वर्षी त्याच कार्यक्रमाच्या आधी मी खुर्च्यांचं काम दुसऱ्या एका तरुणाकडे दिलं. त्याला १० खुर्च्या कमी पडल्या. मागची काही पोरं भिंतीला टेकून उभी राहिली, दोघं खिडकीच्या कट्ट्यावर बसली. सकाळी प्रभुभोजनाच्या वेळी मला खुर्च्यांचा विचार आला होता, नाही असं नाही. पण भाकर तोंडात गेली तेव्हा ती जरा कडक भाजली गेली आहे, हे मला कळलं.